सूर्याचं वादळ आणि वर्गणीतलं कॉलेज

बसा रे पोरांनो, जवळ सरकून बसा. आज सूर्याची गोष्ट सांगतो. ती सुरू होते सूर्यावर आणि येऊन पोहोचते आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागला. मधे वाटेत एक कॉलेज लागतं. लोकांनी वर्गणी काढून उभं केलेलं कॉलेज.

साल १८५९. सप्टेंबरची पहिली तारीख. इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे एक गृहस्थ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवून घेत बसले होते. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट कधी बघायचं नसतं, डोळा जातो. म्हणून ते दुर्बिणीतून आलेलं बिंब पडद्यावर पाडायचे आणि त्यावरून चित्र काढायचे. सकाळचे सव्वाअकरा वाजून गेले असतील. डागांच्या एका मोठ्या पुंजक्यावर अचानक दोन लख्ख ठिपके चमकले, सूर्याहूनही प्रखर. कॅरिंग्टन साक्षीदार आणायला धावले. मिनिटाभरात परत आले तो ठिपके निस्तेज होऊ लागलेले, आणि पाचेक मिनिटांत सगळं विझलं.

तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार वाजून गेले होते. भाद्रपद लागला होता, गणपतीचे दिवस होते. सूर्यावर काय उसळलं, याची कुणाला गंधवार्ताही नव्हती.

सूर्य म्हणजे विजेने भारलेल्या तापलेल्या वायूचा गोळा. त्या वायूत चुंबकीय जोर अडकलेला असतो. कधी कधी त्याचा पीळ इतका वाढतो की तो एकदम सुटतो आणि अब्जावधी टन भारलेला वायू अवकाशात फेकला जातो. असा लोट पृथ्वीपर्यंत यायला सहसा दोन-तीन दिवस लागतात. पण १८५९ चा लोट पंधरा कोटी किलोमीटरचं अंतर अवघ्या साडेसतरा तासांत कापून आला.

मग आपण जळून का गेलो नाही? कारण पृथ्वीला स्वतःचं संरक्षण आहे. आपल्या पायाखाली जवळजवळ २,९०० किलोमीटर खोल गेलं की वितळलेल्या लोखंडाचा थर लागतो. ते लोखंड सतत घुसळतं, त्यातून वीज वाहते आणि पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आपल्या पेणच्या खारभूमीला समुद्राचा बांध आहे ना, तसा हा बांध. एरवी सूर्याकडून येणारे कण त्याच्यावर आपटतात आणि बाजूने निघून जातात. पण अमावस्या-पुनवेला उधाण आलं, वरून वारा सुटला की बांधाला खांड पडते आणि खारं पाणी शेतात शिरतं, हे तुम्ही पाहिलंय. १८५९ मध्ये सूर्याचं तसं उधाण आलं आणि पृथ्वीच्या बांधाला खांड पडली.

आत शिरलेले कण विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, पृथ्वीभोवती गोल फिरू लागले. विजेने भारलेले कण गोल फिरले म्हणजे विजेचा प्रवाहच झाला, आणि प्रवाह म्हटला की त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आलं. हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेला असतं. म्हणून जमिनीवर चुंबकसूचीला उत्तरेकडे धरून ठेवणारा जोर कमी होतो. याला म्हणतात चुंबकीय वादळ. ना वारा, ना पाऊस, कानाला काही ऐकू येत नाही. पण अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि जमिनीतून तारेत शिरलेल्या विजेवरच एकमेकांना संदेश पाठवले. ध्रुवाजवळ दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबा आणि हवाईपर्यंत दिसला.

मुंबईत तेव्हा दिवस होता, आकाशात दिसण्यासारखं काही नव्हतं. पण कुलाब्याच्या वेधशाळेत एक चुंबक टांगलेला होता. त्याची हालचाल पट्टीवर वाचून वहीत लिहायचं काम तिथले सहायक दिवसरात्र करत. २ सप्टेंबरला सकाळी अकराच्या सुमारास त्यांनी पाहिलं, आकडा घसरतोय. पुन्हा पाहिलं, आणखी घसरला. तो उत्तरेकडचा जोर मुंबईत एरवी ३७-३८ हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय जोराचं माप) घरात असतो आणि रोजच्या रोज थोडाफार हलतो. त्या सकाळी तो सुमारे १,६०० ने खाली आला. इंग्लंडातल्या यंत्रांच्या रेघा तर कागदाच्या बाहेर निघून गेल्या, त्यामुळे तिथे पूर्ण नोंद राहिली नाही. विषुववृत्ताच्या बाजूला, या वादळाचा खरा जोर मोजता येईल अशा जागी बसून, अथपासून इतिपर्यंत आकडे लिहिले ते कुलाब्याच्या माणसांनी.

आता तुम्ही विचाराल, तो चुंबक तिथे आला कुठून आणि तो वाचणारी माणसं तयार कुठे झाली? इथून कॉलेजची गोष्ट सुरू होते.

आपल्याकडे शिकणं नवं नव्हतं. पाठशाळा होत्या, पंतोजी होते. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवला आणि १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. तीच पुढे पुणे कॉलेज झाली, आणि तिचंच नाव मग डेक्कन कॉलेज पडलं.

मुंबईची वाट वेगळी. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन नोकरी संपवून निघाला, तेव्हा शहरातल्या लोकांनी सभा भरवली. निरोपाचं स्मारक काय करावं? पुतळा, चित्र, सगळं बोलून झालं. पण लोकांनी पैसे काढले ते प्राध्यापक नेमण्यासाठी. हिंदू, पारशी, मुसलमान, व्यापारी, सरकारी नोकर, सगळ्यांची मिळून सव्वादोन लाखांहून अधिक रुपये वर्गणी जमली. त्या काळचे सव्वादोन लाख! इमारत नव्हती, वर्ग नव्हते, मुलं नव्हती. आधी ठरलं की शिकवणारा माणूस आणायचा.

आणि तो यायला आठ वर्षं लागली. पैसे व्याजाने वाढत राहिले. १८३५ मध्ये इंग्लंडहून दोघे आले. साहित्य शिकवायला जॉन हार्कनेस, आणि गणित व पदार्थविज्ञान शिकवायला आर्थर ऑर्लेबार. पहिली व्याख्यानं टाउन हॉलमध्ये झाली, कारण कॉलेजला स्वतःचं छप्परच नव्हतं. त्यांच्या जोडीला आपला एक तरुण होता. सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. विशीच्या आसपास असताना, १८३२ मध्ये, त्यांनी 'दर्पण' पत्र काढलं होतं. १८३४ मध्ये त्यांची सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ते गणित शिकवत, ज्योतिष शिकवत, आणि चौतिसाव्या वर्षाच्या आसपास गेलेसुद्धा.

आता आपल्या जिल्ह्याचं माणूस येतंय, लक्ष द्या. अलिबागजवळचं नागाव तुम्हाला माहीत आहे, समुद्राला गेलो होतो ते. त्या नागावात १८२५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे जन्मले. लोक त्यांना केरूनाना म्हणत. लहानपणीच ते मुंबईला गेले. छत्रे घराण्यातलेच बापू छत्रे मुलांसाठी मराठीत पहिली पुस्तकं तयार करणाऱ्या मंडळीचं काम बघत. केरूनाना एल्फिन्स्टनच्या शाळेत शिकले आणि ऑर्लेबारांच्या नजरेत भरले. ऑर्लेबार वेधशाळेचंही काम पाहत. १८४० मध्ये त्यांनी या पंधरा वर्षांच्या पोराला कुलाब्याला कामावर घेतलं. पुढच्याच वर्षी, १८४१ पासून, तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली.

पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्या थोरल्याएवढा! त्याने जवळजवळ दहा वर्षं आकडे वाचण्याचं आणि लिहिण्याचं काम केलं. मध्यरात्रीही वाचायचं, पहाटेही. हवेचा दाब, उष्णता, चुंबकाचं वळण. एखादा आकडा चुकला तर पुढचं सगळं गणित वाकडं. केरूनानांनी कुठल्याही विद्यापीठाची पदवी घेतली नाही, घेणार कुठून? त्यांचं शिक्षण चालू होतं तेव्हा मुंबईत विद्यापीठच नव्हतं. ते झालं १८ जुलै १८५७ ला. तरीही केरूनाना पुण्याच्या कॉलेजात प्राध्यापक झाले, ग्रहगणिताची कोष्टकं मराठीत छापली आणि डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळकांना गणित शिकवलं.

म्हणजे बघा. व्यापाऱ्याच्या वर्गणीतून प्राध्यापक आला, प्राध्यापकाने नागावचा पोरगा हेरला, आणि त्याच्यासारख्या पोरांनी लावलेल्या शिस्तीवर वेधशाळा चालत राहिली. केरूनाना १८५९ मध्ये कुलाब्याला नव्हते. पण सूर्याचं उधाण आलं त्या सकाळी ती शिस्त तिथे होती.

धाकटीने मगाशी विचारलं, सगळ्यात जुनी कॉलेजं अशीच सुरू झाली का? जगात याहून कितीतरी जुनी आहेत, पण अमेरिकेचं सांगतो, कारण तिथेही एक आकाशातली गोष्ट आहे. १६३६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वसाहतीने कॉलेजसाठी ४०० पौंड द्यायचं ठरवलं. लोकांना तिथे येऊन जेमतेम काही वर्षं झालेली, जंगल तोडून घरं बांधण्याचे दिवस. हेतू होता धर्मोपदेशक तयार करण्याचा. दोन वर्षांनी जॉन हार्वर्ड नावाचा तरुण पाद्री क्षयाने गेला आणि त्याने निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं कॉलेजला ठेवली. त्याचं नाव कॉलेजला मिळालं. पुढे १६४४ मध्ये आसपासच्या वसाहतींनी घरोघर सांगितलं, वर्षाला पायलीभर गहू द्या नाहीतर एक शिलिंग द्या, गरीब विद्यार्थ्यांना शिकता येईल. आपल्याकडे सप्त्याला घरटी तांदूळ गोळा करतात, तसे तिथे कॉलेजसाठी गहू गोळा झाले.

आणि त्या कॉलेजच्या दुर्बिणीतून १६८० मध्ये टॉमस ब्रॅटल या तरुणाने एका मोठ्या धूमकेतूच्या जागा टिपून ठेवल्या. ते आकडे समुद्रापार न्यूटनपर्यंत पोहोचले. धूमकेतूसुद्धा सूर्याच्या ओढीने, नियमाने फिरतो, हे दाखवताना न्यूटनने ते वापरले. धर्मोपदेशकांसाठी काढलेल्या कॉलेजने गुरुत्वाकर्षणाच्या कामाला हात लावला. हार्वर्डची जवळजवळ सगळी पुस्तकं १७६४ च्या आगीत जळाली, एकच राहिलं. ब्रॅटलचे आकडे मात्र न्यूटनच्या ग्रंथात सुखरूप आहेत.

आता परत आपल्याकडे. एक चुंबक घ्या, पट्टीच्या आकाराचा. रेशमी दोऱ्याने लाकडी स्टुलाखाली आडवा टांगा. पंखा बंद करा. चुंबकाच्या मधोमध शाडूच्या इवल्याशा गोळीने आरशाचा तुकडा चिकटवा आणि त्यावर टॉर्च मारा. समोरच्या भिंतीवर प्रकाशाचा ठिपका पडेल. चुंबक केसभर वळला तरी भिंतीवरचा ठिपका बोटभर सरकतो. बारीक हालचाल मोठी करून दाखवण्याची ही युक्ती आहे. थोड्या वेळाने ठिपका थांबेल. आता मी काही न बोलता मागून कोयता घेऊन येतो. बघा, ठिपका पळाला! कोयता चुंबकाला लागला नाही, नुसता जवळ आला. चुंबकाला पृथ्वी आणि कोयता यांतला फरक कळत नाही. लोखंड जवळ आलं की तो तिकडे ओढला जातो.

हीच पंचाईत कुलाब्याला झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून वाहणाऱ्या विजेने वेधशाळेतला चुंबक सतत हलला असता, आणि पृथ्वीचा आकडा कुठला आणि ट्रामचा कुठला, हे कळलं नसतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. त्यांनी समुद्रापलीकडे जागा शोधली, आपलं अलिबाग. १९०४ मध्ये तिथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंडाचा खिळासुद्धा नाही. दगड आणला पोरबंदरचा, कारण आपल्या कोकणच्या काळ्या दगडात लोहाचे कण असतात आणि तो स्वतःच थोडा चुंबक असतो.

पण जुनी जागा सोडून नव्या जागी मोजायला लागलं तर साखळी तुटते. म्हणून मूसांनी दोन वर्षं, १९०४ ते १९०६, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा शेजारी शेजारी लिहिला आणि दोघांतला फरक काढून ठेवला. मग कुलाब्याची चुंबकं थांबवली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम खाडीच्या या बाजूला सुखरूप आलं होतं. १८४१ पासूनची ही नोंद आजही चालू आहे. जगात इतकी जुनी आणि सलग नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. तिची देखभाल करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था तीही आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला.

याचा उपयोग काय, असं विचाराल तर ऐका. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडात क्यूबेक प्रांतात चुंबकीय वादळाने दीडेक मिनिटात वीज गेली आणि सुमारे ६० लाख माणसं नऊ तास अंधारात राहिली. ते वादळ साधारण ५९० नॅनोटेस्लाचं होतं. १८५९ मध्ये अडचणीत येण्यासारख्या फक्त तारा होत्या. आज त्या वादळासारखं वादळ आलं तर विजेची जाळी, उपग्रह, तुमच्या मोबाइलमधला नकाशा, विमानं, सगळ्यालाच धोका. किती मोठं वादळ येऊ शकतं, याचं माप हवं असतं. २००३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी आणि पनवेलच्या संस्थेचे गुरबक्ष लखिना, शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या जुन्या वह्या उघडल्या आणि त्यातले आकडे जगापुढे मांडले. तेव्हापासून पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या नोंदलेल्या वादळाचा हिशेब मांडताना शास्त्रज्ञ या आकड्यांकडे वळतात. आणि आपलं आदित्य यान सूर्यावर नजर ठेवायला निघालं ती तारीखही २ सप्टेंबरच होती, २०२३ ची.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. ही कॉलेजं सगळ्यांची नव्हती. पुण्याच्या पाठशाळेत ब्राह्मणांचीच मुलं, मुंबईत पैसेवाल्यांची अधिक, मुलींना तर कितीतरी वर्षं दारच बंद. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी सरकारच्या शिक्षण आयोगाला लिहून दिलं की पैसा येतो शेतकऱ्याच्या साऱ्यातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आधी खेड्यातल्या पोरांना शाळा द्या. त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. पेणजवळच्या जोह्याच्या खाजणात राबणाऱ्यांची मुलं त्या टाउन हॉलपर्यंत पोहोचलीच नव्हती. त्यांच्यात किती केरूनाना असतील, कोण जाणे.

पुढे दारं उघडली, हळूहळू. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि रोह्याला घर असलेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र शिकले, आणि देशाचे अर्थमंत्री झाल्यानंतर विद्यापीठांना पैसे देणाऱ्या अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. देशभरच्या कॉलेजांना पैसा कसा आणि किती द्यायचा, हे ठरवायला रोह्याचा माणूस बसला.

म्हणून सांगतो, कॉलेज म्हणजे कमान आणि घड्याळाचा मनोरा असं समजू नका. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर सुंदर आहे, पण तो पूर्ण झाला १८७८ मध्ये. त्याच्या आधी चाळीस वर्षं कॉलेज सुरू झालं होतं, उसन्या दिवाणखान्यात. कॉलेज सुरू होतं ते तीन गोष्टींनी. कुणीतरी आपल्यातलं थोडं काढून दुसऱ्याच्या पोरासाठी ठेवतं. कुणीतरी शिकवायला येतं आणि हुशार पोर कुठल्या गावचं आहे हे न बघता त्याला पुढे ओढतं. आणि ते पोर, कुणी बघत असो वा नसो, रात्रीच्या रात्री खरा आकडा लिहितं.

पहिल्या दोन गोष्टी मोठ्या माणसांच्या हातातल्या. तिसरी तुमच्या हातात आहे, आणि तिला वय लागत नाही. पुढच्या रविवारी आपण पेणहून वडखळ, पोयनाड करत अलिबागला जाऊ, वेधशाळा बाहेरून बघू आणि नागावलाही जाऊन येऊ. तोवर प्रत्येकाने एक वही घाला. कुणी खाडीच्या भरतीची वेळ लिहा, कुणी पावसाचं पाणी डब्यात मोजा, कुणी त्या टांगलेल्या चुंबकाचा ठिपका. जे दिसेल तेच लिहायचं. चुकला दिवस तर कोरा सोडायचा, मनाने भरायचा नाही. कुलाब्याच्या त्या सकाळी आकडा इतका खाली गेला की लिहिणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. त्याने यंत्र बिघडलं असं धरून रोजचा आकडा टाकला असता, तर ते वादळ खरंच किती मोठं होतं, हे माणसाला कधीच नीट कळलं नसतं.